लिनक्स सर्व्हरवर फाइली चढवणे आणि सांभाळणे : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

कमांड बरोबर असते, पण ती चुकीच्या मशीनवर चालवली जाते. किंवा सगळ्या पायऱ्या ठाऊक असतात, पण तिसरी आधी होते आणि पहिली राहून जाते. फाइली उडाल्या, लॉगिन बंद पडलं, साइटवर ४०३ (‘पाहायला परवानगी नाही’) झळकू लागलं, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एवढंच सापडतं. नुसत्या कमांड पाठ करून हे टळत नाही. प्रत्येक पायरीआधी काय बघायचं आणि नंतर काय पडताळायचं, याचं वळण हाताला लावावं लागतं.

उदाहरण एकच धरू. एका लहान संस्थेचा दिवाळी अंक आहे. जुन्या अंकांच्या पीडीएफ लॅपटॉपवर आहेत. त्या भाड्याच्या उबंटू सर्व्हरवर चढवायच्या, वाचकांना दिसतील अशा ठेवायच्या आणि वर्षभर सांभाळायच्या.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. ‘एलएस’ म्हणजे एल आणि एस ही दोन रोमन अक्षरं, मध्ये जागा न सोडता. टाइप करताना सगळं रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करा, आकडेसुद्धा इंग्रजी. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी : सर्व्हरला हात लावण्याआधी

कीबोर्ड इंग्रजीवर आणा. मराठीत टाइप करणाऱ्यांची ही नेहमीची अडचण आहे. इनस्क्रिप्ट चालू राहिला तर कमांड सापडत नाही असा संदेश येतो आणि चूक लगेच कळते. पासवर्ड टाकताना मात्र पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. त्यामुळे चुकीच्या लिपीतला पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला जातो. सर्व्हरवर फेलटूबॅनसारखा पहारेकरी प्रोग्रॅम असेल तर तो तुमचा पत्ता काही काळ अडवतो, आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही. पासवर्ड टाकण्याआधी भाषेचं चिन्ह बघा.

व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून आलेली कमांड थेट चिकटवू नका. वर्डमध्ये आणि काही फोनच्या कीबोर्डवर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात आणि दोन डॅश जोडून एक लांब डॅश होतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण शेलसाठी (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ती वेगळीच अक्षरं असतात. कमांड स्वतः टाइप करणं उत्तम. तशी सवय लागली की ती समजतेही.

फाइलींची नावं लॅपटॉपवरच सुधारा. नावातली मोकळी जागा हा सर्वांत मोठा धोका आहे, कारण शेल जागा दिसली की शब्द तोडतो. समजा फाइलीचं नाव ‘दिवाळी अंक.पीडीएफ’ आहे आणि ती पुसायला तुम्ही आरएम (पुसण्याची कमांड) अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं :

आरएम दिवाळी अंक.पीडीएफ

शेलच्या लेखी या दोन फाइली झाल्या, ‘दिवाळी’ आणि ‘अंक.पीडीएफ’. त्याच फोल्डरात ‘अंक.पीडीएफ’ नावाची दुसरी फाइल असेल तर ती पुसली जाईल, आणि जी पुसायची होती ती तशीच राहील.

देवनागरी नावं लिनक्सला चालतात, पण त्यांना एक मर्यादा आहे. उबंटूवर सहसा असणाऱ्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर नीट बसलेलं ‘विशेषांक’, ‘पुरवणी’, ‘संपादकीयासह’ असं लांबलचक नाव सर्व्हरवर चढताना नाकारलं जातं ते यामुळे. नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, वर्ष आधी आणि जागेऐवजी डॅश अशी ठेवा. लिनक्स लहान-मोठं अक्षर वेगळं धरतो. विंडोजवर चालणारा दुवा सर्व्हरवर तुटतो, त्याचं कारण अनेकदा एका मोठ्या ‘ए’मध्ये असतं.

साधनं. मॅक आणि लिनक्सवर एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याचं साधन) असतंच. विंडोज १० मध्ये ते २०१८ पासून आहे, पॉवरशेलमधून चालतं. फाइली चढवणारं आरसिंक मात्र विंडोजसोबत येत नाही. त्यासाठी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवा आणि पुढची सगळी कामं त्याच्या आतूनच करा.

## १. आधी तीन प्रश्न

लॉगिन केल्यावर, आणि जेवून किंवा फोनवर बोलून परत आल्यावरही, हे तीन शब्द टाका :

हूअॅमआय
होस्टनेम
पीडब्ल्यूडी

मी कोण, कोणत्या मशीनवर, कोणत्या फोल्डरात. पहिल्याचं उत्तर ‘रूट’ (सगळे अधिकार असलेलं खातं) आलं तर बाहेर पडा आणि साध्या नावाने परत या. रूटचे अधिकार लागतील तेव्हा त्या एका कमांडपुरतं, तिच्याआधी सुडो लिहून, ते घ्या.

> तपासा : लॅपटॉपची आणि सर्व्हरची खिडकी शेजारी उघडी असेल तर दोन्हींना वेगळा रंग द्या. लॅपटॉप समजून सर्व्हरवर चालवलेला आरएम परत घेता येत नाही.

## २. किल्लीने लॉगिन, आणि पासवर्ड शेवटी बंद

पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलीने ओळख पटवून लॉगिन करायचं आहे. हा टप्पा सावकाश करा. इथे क्रम चुकला तर तुम्ही स्वतःच बाहेर अडकता.

किल्लीची जोडी लॅपटॉपवर तयार होते, सर्व्हरवर नाही :

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

यातून दोन फाइली मिळतात. जिच्या शेवटी ‘.पब’ आहे ती जाहीर किल्ली, ती सर्व्हरला द्यायची. दुसरी खाजगी. ती ईमेलने, ड्राइव्हवर किंवा मदत करणाऱ्या मित्रालाही द्यायची नाही. सांकेतिक वाक्य विचारलं जाईल तेव्हा ते रिकामं सोडू नका, लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच आडोसा असतो.

जाहीर किल्ली चढवायची (‘संपादक’च्या जागी सर्व्हरवरच्या तुमच्या खात्याचं नाव, ‘सर्व्हर’च्या जागी त्याचा पत्ता) :

एसएसएच-कॉपी-आयडी संपादक@सर्व्हर

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या ओळखीचा ठसा (फिंगरप्रिंट) दाखवून ‘पुढे जाऊ का’ असं विचारलं जातं. होस्टिंग कंपनीच्या पॅनलवर ठसा दिसत असेल तर ताडून मगच होकार द्या. ठसा बदलल्याची मोठी ताकीद नंतर कधी आली आणि तुम्ही सर्व्हर नव्याने बसवलेला नसेल, तर तिथेच थांबा. ताकीद घालवण्यासाठी जुनी नोंद पुसण्याचा सल्ला नेटवर सर्वत्र मिळतो. ठसा का बदलला हे कळल्याशिवाय तो पाळू नका.

किल्ली असूनही पासवर्ड विचारला जात असेल तर सर्व्हरवरच्या परवानग्या बघा. ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० (फक्त मालकाला सगळी मुभा) आणि त्यातली ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइल ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणं) हवी. लॅपटॉपवरची खाजगी किल्लीही ६००. ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.

पासवर्ड बंद करण्याचा क्रम असा ठेवा :

१. चालू खिडकी उघडीच ठेवा. ती शेवटपर्यंत बंद करायची नाही.
२. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने लॉगिन होतं का, आणि तिथे सुडो चालतं का, ते बघा.
३. ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’ या फाइलीची सीपीने प्रत काढा. मग नॅनोने (टर्मिनलमधला साधा एडिटर) मूळ फाइलीत ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ ही ओळ करा.
४. ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवा. काहीच छापलं नाही तर फाइलीत व्याकरणाची चूक नाही.
५. ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच’.
६. तिसऱ्या खिडकीतून पुन्हा लॉगिन करून बघा. ते झाल्यावरच पहिली खिडकी बंद करा.

एवढं करूनही पासवर्ड चालूच राहिल्याची तक्रार पुष्कळ जण करतात. कारण असं की त्याच ठिकाणी ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यातल्या फाइली मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच वाचल्या जातात. एसएसएच आधी सापडलेली किंमत धरतं. क्लाउड सर्व्हरवर या फोल्डरात अनेकदा ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ लिहिलेली फाइल आधीपासून असते. तुम्ही खाली लिहिलेला ‘नो’ मग वाचला जातो, पण लागू होत नाही.

> तपासा : ‘सुडो एसएसएचडी -टी’मधला टी मोठा केला की प्रत्यक्ष लागू असलेल्या सगळ्या सेटिंग छापल्या जातात. आपण फाइलीत काय लिहिलं यापेक्षा ही यादी खरी धरा.

फायरवॉलचंही असंच. यूएफडब्ल्यू वापरत असाल तर ‘अलाउ ओपनएसएसएच’ आधी आणि ‘इनेबल’ नंतर. यात ओपनचा ओ आणि शेवटची तीनही अक्षरं मोठी. साइटसाठी ८० आणि ४४३ ही पोर्टही त्याच वेळी उघडा.

## ३. फाइली चढवणे

आधी सर्व्हरवर जागा करा. ‘सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/अंक’ असं करून त्या फोल्डरची मालकी सीएचओनने (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) स्वतःच्या नावावर घ्या. असं केल्याने चढवताना सुडो लागत नाही.

चढवण्यासाठी एससीपी या नुसती प्रत पाठवणाऱ्या कमांडपेक्षा आरसिंक सोयीचं आहे (यातला ‘सिंक’ वाय-ने लिहायचा). मध्येच तुटलं तर तीच कमांड पुन्हा चालवा, पूर्ण चढलेल्या फाइली ते परत पाठवत नाही. पण पहिली फेरी नेहमी कोरडी काढायची :

आरसिंक -एव्हीएन अंक/ संपादक@सर्व्हर:/एसआरव्ही/अंक/

इथला ‘एन’ म्हणजे ‘काय करणार ते फक्त सांग’. आलेली यादी डोळ्यांखालून घाला. ती अपेक्षेप्रमाणे असेल तरच एन काढून कमांड पुन्हा चालवा. मोठ्या फाइली मोबाइल डेटावरून चढवत असाल तर सोबत मोठा ‘पी’ जोडा. मग तुटलेली फाइल अर्धी जपून ठेवली जाते आणि प्रगतीही दिसते.

दोन ठिकाणी घोळ होतो.

पहिलं, स्रोताच्या शेवटचा स्लॅश. ‘अंक/’ म्हणजे फोल्डरातला माल, ‘अंक’ म्हणजे फोल्डरसकट. स्लॅश राहिला की सर्व्हरवर ‘अंक’च्या पोटात आणखी एक ‘अंक’ तयार होतो आणि साइटवरचे सगळे दुवे तुटतात.

दुसरं गंभीर आहे. ‘--डिलीट’ जोडलं की जे स्रोतात नाही ते आरसिंक मुक्कामावरून पुसतं. स्रोत आधी आणि मुक्काम नंतर हा क्रम उलटा झाला, आणि सर्व्हरवरचा फोल्डर अजून रिकामा असला, तर तुमच्या लॅपटॉपवरचा अंकांचा फोल्डर रिकामा होईल. नव्याने शिकणाऱ्यांनी डिलीट वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सर्व्हरवर दोन-चार जुन्या फाइली पडून राहिल्या तर काही बिघडत नाही.

> तपासा : काम झाल्यावर ‘-एव्हीएन’ची तीच कोरडी फेरी पुन्हा काढा. यादीत एकही फाइल आली नाही तर लॅपटॉपवरचं सगळं सर्व्हरवर चढलेलं आहे.

## ४. परवानग्या

साइटवर ४०३ दिसलं की ‘सीएचमॉड -आर ७७७’ करा (सीएचमॉड म्हणजे परवानग्या बदलणारी कमांड), असा सल्ला कुणीतरी देतंच. तो पाळू नका. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला त्या फाइली बदलायची मुभा. साइटमध्ये एखादं छिद्र असलं तर आत शिरणाऱ्यासाठी हे दार सताड उघडं राहतं.

फोल्डर ७५५ आणि फाइली ६४४ एवढं पुरतं, म्हणजे मालकाला बदलता येतं आणि इतरांना फक्त वाचता येतं. दोघांना वेगळे आकडे, कारण फोल्डरवरच्या ‘एक्स’चा अर्थ ‘आत जाता येणे’. सगळ्यावर सरसकट ६४४ लावलं की फोल्डरांचा एक्स जातो आणि तुम्हालाही आत शिरता येत नाही. एका कमांडमध्ये नीट करायचं तर :

सीएचमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स /एसआरव्ही/अंक

यातला डॅशनंतरचा आर मोठा आणि दोन्ही एक्स मोठे, बाकी लहान. मोठा एक्स फोल्डरांना आत जाण्याची मुभा देतो, आधीपासून एक्स नसलेल्या साध्या फाइलींना देत नाही.

एवढ्यानेही ४०३ राहिलं तर वरच्या फोल्डरांकडे बघा. वेब सर्व्हरला मुळापासून प्रत्येक पायरीवर आत जाता यायला हवं. उबंटू २१.०४ पासून नवीन खात्यांचे होम फोल्डर ७५० असतात, म्हणून होममध्ये ठेवलेली साइट वाचकांना दिसत नाही. होमची परवानगी सैल करण्यापेक्षा साइट ‘/एसआरव्ही’खाली ठेवा. ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ दिला की प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते, नेमकं कुठे अडलंय ते लगेच कळतं.

## ५. पुसणे आणि हलवणे

आरएमला कचरापेटी नाही. म्हणून आधी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड), मग आरएम. जो नमुना पुसायचा तोच आधी एलएसला द्या, यादी वाचा, मग वरचा बाण दाबून फक्त पहिला शब्द बदला. नमुना नव्याने टाइप करू नका. ‘*.टीएमपी’ लिहिताना चांदणीनंतर चुकून एक जागा पडली तर चांदणी एकटी उरते, आणि एकट्या चांदणीचा अर्थ फोल्डरातलं सगळं असा होतो.

दोन कमांड जोडताना मध्ये अर्धविराम देऊ नका. ‘सीडी जुने; आरएम *’ (सीडी म्हणजे फोल्डरात शिरणे) यात ‘जुने’ फोल्डर सापडलाच नाही तरी दुसरी कमांड चालते, आणि तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या फाइली जातात. मध्ये ‘&&’ द्या. मग पहिली फसली तर दुसरी चालत नाही.

एमव्ही (हलवणे) आणि सीपी (प्रत काढणे) त्याच नावाच्या जुन्या फाइलीवर न विचारता नवी लिहितात. ‘-आय’ जोडलं की आधी विचारतात. एकेरी ‘>’ हे आउटपुट फाइलीत लिहिणारं चिन्हही फाइल आधी रिकामी करतं. भर घालायची असेल तर ‘>>’ हवं.

महत्त्वाचं काही पुसायचं असेल तर ते आधी एमव्हीने बाजूच्या फोल्डरात हलवा आणि आठवडाभर साइट चालू द्या. कुणाची तक्रार आली नाही तर मग पुसा.

## ६. डिस्क भरली तर

घाईने ‘/व्हीएआर’मध्ये शिरून मोठं दिसेल ते पुसणं हीच इथली मोठी चूक. ‘/व्हीएआर/लिब’खाली डेटाबेसच्या चालू फाइली असतात. तिथे आरएम चालवायचाच नाही.

‘डीएफ -एच’ने कोणता विभाग भरला ते बघा. जागा शिल्लक दिसूनही फाइल लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ बघा, लहान लहान फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंदीची जागा) संपवलेले असतात. मग शोध :

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

सर्वांत मोठं सर्वांत खाली येतं. त्या फोल्डरात शिरा आणि एकट्या ‘/’च्या जागी ‘.’ लिहून तीच कमांड द्या. असं उतरत गेलं की दोन-तीन पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. ‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवलेली पॅकेजं जातात. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ने, एम मोठा, सिस्टिमच्या जुन्या नोंदी छाटल्या जातात. दोन्ही निर्धोक आहेत.

लॉग फाइल पुसली तरी जागा मोकळी झाली नाही, हा अनुभव हमखास येतो. फाइलीचं नाव गेलं, पण तिच्यात लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती धरून ठेवली आहे. ‘सुडो एलएसओएफ +एल१’, इथला एल मोठा, अशा फाइली दाखवतं. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करा.

## ७. लांब चालणारी कामं, वेळ आणि बॅकअप

वीज गेली किंवा नेट तुटलं की त्या खिडकीतून चालू असलेलं सर्व्हरवरचं कामही सहसा मरतं. म्हणून अपग्रेड किंवा मोठा बॅकअप सुरू करण्याआधी टीमक्स चालवा. कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडता येतं, ‘टीमक्स अटॅच’ने परत येता येतं. मधल्या काळात काम चालूच असतं.

भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सेवा) रात्री २ ला लावलेला बॅकअप त्यामुळे आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो. ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ बघा. एशिया/कोलकाता (ए आणि के मोठे) लावली तर नंतर क्रॉन सेवा रीस्टार्ट करा.

> सावधान : ‘क्रॉनटॅब -ई’ म्हणजे यादी उघडा आणि ‘क्रॉनटॅब -आर’ म्हणजे अख्खी यादी न विचारता पुसा. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत. बदल करण्याआधी ‘क्रॉनटॅब -एल’चं आउटपुट एका फाइलीत ठेवा.

बॅकअपसाठी, म्हणजे अख्खा फोल्डर एका दाबलेल्या फाइलीत बांधण्यासाठी :

टार -सीझेडएफ अंक-बॅकअप.टार.जीझेड -सी /एसआरव्ही अंक

‘/एसआरव्ही’च्या आधीचा सी मोठा. एफच्या लगेच पुढे येतं तेच नव्या फाइलीचं नाव, म्हणून एफ शेवटी हवा. ‘-सीएफझेड’ लिहिलं तर ‘झेड’ नावाची फाइल तयार होते. नाव द्यायला विसरून थेट मूळ फाइलींची नावं लिहिली तर टार त्यातल्या पहिल्या फाइलीवरच लिहितं.

‘टार -टीझेडएफ’ने आत काय आहे ते वाचा. मग बॅकअप लॅपटॉपवर आणा, कारण त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप सर्व्हरसोबतच जातो. लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरात तो उलगडा आणि त्यातली एखादी जुन्या वर्षाची पीडीएफ उघडून मधलं पान वाचा. पान उघडलं तर त्या दिवशीची तारीख बॅकअपच्या नावात घाला. नाही उघडलं तर जुना बॅकअप अजून पुसू नका आणि टारची कमांड पुन्हा चालवा.